वाचकांचे प्रश्न: आग्र्याचा लाल ताजमहाल आणि शिंद्यांचा डच कर्नल

मागच्या वेळी आग्र्याच्या किल्ल्यावर मराठ्यांचा ताबा होता त्या वर्षांबद्दल लिहिलं होतं. त्यात एका ओळीत तिथल्या जुन्या कॅथलिक कब्रस्तानाचा उल्लेख आला आणि पत्रं बरीचशी त्या एका ओळीवरच आली. मला मनापासून आनंद झाला, कारण या जागेबद्दल मराठीत फार कमी बोललं जातं आणि तिथे आपला इतिहास अक्षरशः दगडात कोरलेला आहे. म्हणून आजचं सगळं सदर त्यालाच.

प्रश्न (नाशिक): ताई, सुट्टीत घरच्यांना घेऊन आग्र्याला जातोय. ऑफिसमधला एक जण म्हणाला की तिथे एक छोटा लाल ताजमहाल आहे आणि तो शिंद्यांच्या कुठल्यातरी गोऱ्या सरदाराचा आहे. मला वाटलं फेकतोय. खरंच आहे का असं काही? आणि वेळ काढून जाण्यासारखं आहे का?

उत्तर: तुमचा मित्र अगदी बरोबर बोलतोय. भगवान टॉकीज चौकाजवळ दिवाणी कोर्टाच्या मागच्या बाजूला हे कब्रस्तान आहे, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, आणि आत शिरल्यावर सगळ्यात आधी डोळ्यात भरतो तो लाल दगडाचा घुमट. खाली चौकोनी जोतं, त्यावर इमारत, मधोमध घुमट, प्रत्येक बाजूला ताजसारखी उंच कमान, आकार मात्र बराच लहान आणि ताजसारखे बाजूला सुटे उभे चार मिनार इथे नाहीत. संगमरवर नाही, सगळा वालुकाश्म, पण त्यावरचं कोरीवकाम जवळ जाऊन बघा, दिल्ली-आग्र्याच्या पाथरवटांचा हात अठराशे तीनच्या नंतरही किती तयार होता ते कळतं.

आत पुरलेला माणूस म्हणजे कर्नल जॉन विल्यम हेसिंग. हॉलंडमधल्या उट्रेक्टचा. कबरीवर इंग्रजीत भलामोठा मजकूर आहे आणि त्यात त्याची सगळी नोकरीच लिहिलीय म्हणा ना. १७५२ ला डच ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतून तो सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला आला, मृत्यूच्या वेळचं वय ६३ वर्षं ११ महिने ५ दिवस असं कोरलंय, त्यावरून हिशोब केला तर तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा पोरगा असणार. मग परत हॉलंडला गेला, १७६३ ला पुन्हा हिंदुस्थानात आला, आधी निजामाकडे राहिला आणि १७८४ ला महादजी शिंद्यांच्या नोकरीत शिरला. दगडावर महादजींचं नाव माधोराव असं आहे, ते बघून गोंधळू नका, कुणी पेशवा माधवराव समजतात, तर ते आपले पाटीलबाबाच.

आता इथे जरा थांबून तो काळ डोळ्यासमोर आणा. १७८५ च्या मार्चमध्ये आग्र्याचा किल्ला महादजींनी घेतलेला, बादशाहीचा सगळा कारभार त्यांच्या हातात आलेला, आणि मग इस्माईल बेग हा मुघल सरदार उलटला, लालसोटची लढाई झाली, मराठ्यांना मागे यावं लागलं, आग्र्याच्या किल्ल्यात लखबादादा लाड वेढ्यात अडकून पडले, ते सगळं दीड वर्षाचं कठीण प्रकरण. या लढायांमध्ये हेसिंग होता. आग्र्याजवळच्या लढाईत तो जबर जखमी झाला आणि कॅप्टन झाला असं कबरीवर लिहिलंय. नंतर त्याचं दि बॉयनशी बिनसलं, म्हणजे महादजींची कवायती फौज ज्याने उभी केली त्या सॅव्हॉयच्या सेनापतीशी, आणि दि बॉयनच्या हाताखालून तो बाहेर पडला. पण महादजींनी त्याला जाऊ दिलं नाही, स्वतःच्या खास रक्षक तुकडीचं काम त्याच्याकडे दिलं. १७९२ ला महादजी पुण्याला आले तेव्हा हा डच माणूस त्यांच्यासोबत पुण्यात होता. पुणेकरांनी वानवडीची शिंदे छत्री पाहिली असेलच, १२ फेब्रुवारी १७९४ ला महादजी तिथे वारले. हेसिंग पुढे दौलतरावांकडे राहिला, १७९८ ला कर्नल झाला आणि लगेच आग्र्याचा किल्ला आणि शहर त्याच्या ताब्यात देण्यात आलं, ते मरेपर्यंत त्याच्याकडेच होतं.

मेला तो २१ जुलै १८०३ ला. बरीच वर्षं चाललेल्या दुखण्याने. तारीख लक्षात ठेवा, कारण त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबरमध्ये, इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने आग्रा घेतलं. किल्ल्यातल्या शिंद्यांच्या शिपायांनी आपल्याच युरोपियन अधिकाऱ्यांना कोंडून ठेवलं होतं, शिपायांचा त्यांच्यावर विश्वासच उरला नव्हता, आणि शिपायांना दोष तरी कसा देणार, पेरॉनसारखा शिंद्यांचा फ्रेंच मुख्य सेनापती सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या आसऱ्याला निघून गेलेला. कोंडलेल्यांमध्ये हेसिंगचा मुलगा जॉर्जही होता. हा जॉर्ज म्हणजे १८०१ ला उज्जैनला यशवंतराव होळकरांनी ज्याची पलटणं कापून काढली तोच.

मला या कबरीबद्दल सगळ्यात जास्त काय वाटतं ते सांगते. ही इमारत बांधली हेसिंगच्या बायकोने, ॲन तिचं नाव, मुलांच्या सोबतीने, आणि ती उभी राहिली तोपर्यंत आग्रा कंपनी सरकारचं झालं होतं. शिंद्यांचं राज्य तिथून गेलं होतं. त्या बाईला शिंद्यांचं नाव गाळणं किंवा दोन शब्दात उरकणं सहज जमलं असतं, नवीन मालकांच्या डोळ्यासमोर कशाला ते. तिने तसं केलं नाही. नवरा शिंद्यांच्या नोकरीतला कर्नल होता, त्यांच्यासाठी लढला, त्यांच्यासाठी जखमी झाला, त्यांनी त्याची कदर केली, हे सगळं तिने इंग्रजीतच, म्हणजे जिंकणाऱ्यांना वाचता येईल अशा भाषेत कोरून घेतलं. ते वाचताना मला फार भरून येतं. लोक घुमटाचा फोटो काढतात, पाठ करून सेल्फी घेतात आणि जातात, पण तो मजकूर वाचला नाही तर तुम्ही अर्धच बघितलं.

तर हो, वेळ काढा. नक्की काढा.

प्रश्न (कोल्हापूर): सिंधियांच्या नोकरीतले आणखी कोण कोण आहेत तिथे?

उत्तर: हेसिंगची मुलगी मॅडेलिना हिचं नावही त्याच शिलालेखात आहे, तिचं आडनाव सदरलँड, कारण तिचं लग्न रॉबर्ट सदरलँडशी झालेलं, तोही शिंद्यांच्या कवायती फौजेतला अधिकारी. म्हणजे सासरा, जावई, मुलगा सगळे एकाच चाकरीत. आणि पेरॉनच्या लहान मुलांचं थडगं आहे. पेरॉनबद्दल आपल्याकडे कुणी चांगलं बोलत नाही आणि मीही बोलणार नाही, पण त्याची चार लेकरं तिथे आहेत, आणि त्या काळात आग्र्याच्या उन्हाळ्यात, तापात गोऱ्यांची मुलं किती पटापट जायची ते त्या एका थडग्यावरून समजतं.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): बेगम समरूचा नवरा याच कब्रस्तानात आहे असं वाचलं. तिचा आणि आपल्या भागाचा काही संबंध होता का?

उत्तर: नवरा इथेच आहे. वॉल्टर राइनहार्ट, लोकांच्या तोंडी समरू. युरोपातून आलेला भाडोत्री सैनिक, एका मालकाकडून दुसऱ्याकडे असं करत हिंडलेला, आणि १७६३ ला बंगालचा नवाब मीर कासिमच्या हुकमावरून पाटण्याला इंग्रज कैद्यांची कत्तल केली म्हणून इंग्रजांनी ज्याचा शेवटपर्यंत पाठलाग सोडला नाही असा. शेवटी मुघल सेनापती नजफखानाच्या पदरी आग्र्याला आला, आणि ४ मे १७७८ ला इथेच मेला. अष्टकोनी थडगं आहे त्याचं, वर घुमट, आणि लेख पोर्तुगीजमध्ये आणि फारसीत. आधी त्याला त्याच्याच बागेत पुरलं होतं, बेगमने नंतर इथे आणलं. ती स्वतः १७८१ ला आग्र्यातच ख्रिस्ती झाली, जोआना नाव घेतलं. ती मात्र इथे नाही, ती मेरठजवळ सरधन्याला, तिने बांधलेल्या चर्चमध्ये आहे, १८३६ ला गेली.

आणि तुमच्या भागाशी संबंध आहे ना, चांगलाच आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला वेलस्लीशी लढाई झाली, भोकरदनच्या तिकडे, केळणा आणि जुई नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, त्यात शिंद्यांच्या बाजूने बेगम समरूची पलटणं होती. नवऱ्याने उभारलेली फौज, तो गेल्यावर तिने पंचवीस वर्षं सांभाळलेली, ती जालना जिल्ह्यात येऊन लढलीय. तुमच्याकडून असई काही लांब नाही, आग्र्याला जायच्या आधी ते गाव बघून या, मग समरूच्या थडग्यासमोर उभं राहिल्यावर वेगळंच वाटेल.

प्रश्न (ठाणे): ताई, आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की ताजमहाल एका इटालियन माणसाने बांधला आणि त्याची कबर आग्र्याच्या ख्रिश्चन कब्रस्तानात आहे. भावोजी म्हणतात शंभर टक्के खरं. तुम्ही सांगा.

उत्तर: कबर आहे, बाकीचं खरं नाही. त्या माणसाचं नाव जेरोनिमो वेरोनेओ, व्हेनिसचा सोनार, मुघल दरबारात दागदागिन्यांचं काम करायचा. कबरीवर साधं लिहिलंय पोर्तुगीजमध्ये, की इथे जेरोनिमो वेरोनेओ आहे, लाहोरला २ ऑगस्ट १६४० ला वारला. ताजबद्दल एक अक्षर नाही त्यावर. मग ही गोष्ट आली कुठून, तर मान्रिक नावाचा पोर्तुगीज पाद्री त्यानंतर लगेच आग्र्याला आला होता, त्याने ऐकीव माहितीवर लिहून ठेवलं की ताजचा नकाशा वेरोनेओचा. त्या काळचे बाकीचे युरोपियन प्रवासी आग्रा बघून गेले, त्यांच्यापैकी कुणी असं म्हटलेलं नाही, आणि उस्ताद अहमद लाहोरी याने ताज बांधला हे त्याच्याच मुलाने फारसी कवितेत लिहून ठेवलंय. इमारत बघितली तरी कळतं हो, हुमायूनची कबर बघा, आपल्याकडची बऱ्हाणपूरची शाहनवाजखानाची कबर बघा, ती सगळी परंपरा एकाच घराण्यातली आहे, त्यात व्हेनिसचं काय आहे? भावोजींना प्रेमाने सांगा.

वेरोनेओवर मात्र अन्याय करू नका. परदेशात, लाहोरसारख्या ठिकाणी मेला आणि त्याचा देह तिथून आग्र्यापर्यंत आणला गेला, कारण उत्तरेत ख्रिस्ती माणसांना आपली म्हणावी अशी जमीन तेव्हा इथेच होती. हे पुढच्या उत्तरातही येणार आहे.

प्रश्न (अलिबाग): तिथे इंग्रजांची सगळ्यात जुनी कबर आहे म्हणतात, पण मग ते कॅथलिक कब्रस्तान कसं? इंग्रज तर प्रोटेस्टंट.

उत्तर: चांगला प्रश्न. ती कबर जॉन मिल्डनहॉलची, जून १६१४ ची. हा व्यापारी राणी एलिझाबेथच्या काळात लंडनहून निघाला, तुर्कस्तान, इराण करत खुष्कीने १६०३ ला लाहोरला पोचला, आणि आपण राणीचा वकील आहोत असं सांगत अकबराच्या दरबारात व्यापाराच्या सवलती मागत बसला. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो येण्याच्या कितीतरी आधी. दरबारातल्या जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या एका संघातल्या पाद्र्यांनी त्याला जमेल तितका विरोध केला. नंतर दुसऱ्या खेपेला आला तेव्हा जहांगीरचा मुक्काम अजमेरला होता, तिथेच तो गेला आणि आग्र्याला आणून पुरला. मरताना तो कॅथलिक झाला होता असं सांगतात. लेख पुन्हा पोर्तुगीजमध्येच, नावसुद्धा पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं, त्यामुळे ही मिल्डनहॉलची कबर आहे हे बरीच वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, १९०९ च्या सुमारास ब्लंट नावाच्या अधिकाऱ्याने ती ओळखली.

बाकी कॅथलिक-प्रोटेस्टंट हा भेद तिथे सुरुवातीला फार काटेकोर नव्हताच. जमीन आर्मेनियन व्यापाऱ्यांची, आर्मेनियन लोकांचं स्वतःचं वेगळं चर्च, विधी करणारे पाद्री गोव्याहून आलेले, आणि पुरलेले लोक इटली, हॉलंड, फ्रान्स, इंग्लंड, सगळीकडचे. जो ख्रिस्ती मरेल तो इथे.

प्रश्न (वसई): ताई, आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडे दोन नोव्हेंबरला सगळं गाव सिमेट्रीत असतं, मिस्सा असते, कबरींवर फुलं, मेणबत्त्या. आग्र्याच्या कबरी एवढ्या जुन्या, त्यांचं कोण करतं? आणि तिथे कोणकोण फादर आहेत ते सांगाल का?

उत्तर: तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. आधी फादरांबद्दल. कब्रस्तानात एक लहान अष्टकोनी घुमटाची खोली आहे, मार्टर्स चॅपेल म्हणतात तिला. मुळात ती एका आर्मेनियन माणसाची कबर, खोजा मॉर्टेनेपस नाव, १६११ ची. स्वतःला ख्रिस्ताचा गुलाम म्हणवायचा आणि जवळचं होतं ते गरिबांना वाटून टाकलं असं त्याच्या लेखात आहे. नंतर त्याच घुमटाखाली पाद्र्यांना पुरायला लागले, जमिनीत एकाला लागून एक असे दगड आहेत. १६३२ ला शहाजहानने हुगळी घेतली आणि तिथले पोर्तुगीज कैदी करून आग्र्याला आणले, त्यातले दोन पाद्री १६३३-३४ मध्ये कैदेतच मेले, त्यांच्यामुळे हे नाव पडलं.

पण मला तुम्हाला दोन जणांबद्दल मुद्दाम सांगायचंय. एक आल्बर्ट दोरविल, बेल्जियमचा. योहान ग्रुबर नावाच्या सोबत्याबरोबर १६६१ च्या एप्रिलमध्ये पेकिंगहून, म्हणजे आजच्या बीजिंगहून निघाला, तिबेटमधून ल्हासाला, मग हिमालय ओलांडून काठमांडूला, आणि मार्च १६६२ ला आग्र्याला पोचला. जवळपास वर्षभर चालत. आणि पोचल्यावर महिनाभरात, ८ एप्रिलला, शरीराने हाय खाल्ली आणि तो गेला. त्याच्या जागी ग्रुबरबरोबर पुढे रोमला कोण निघालं, तर आग्र्याच्या मिशनमधलाच हाइनरिख रोथ, हा दुसरा. जर्मन माणूस, गोव्यामार्गे आलेला, आग्र्यात पंडितांकडे बसून वर्षानुवर्षं संस्कृत शिकला आणि लॅटिनमध्ये संस्कृतचं व्याकरण लिहिलं, कुठल्याही युरोपियनाने लिहिलेलं पहिलं. त्याच्या हातची देवनागरी अक्षरं १६६७ ला ॲमस्टरडॅमला छापलेल्या किर्चर या जेझुइट पंडिताच्या चीनवरच्या ग्रंथात आली, अ आ इ ई, क का कि की, अगदी बाराखडीसकट. व्याकरणाचं हस्तलिखित रोमलाच पडून राहिलं आणि छापून आलं १९८८ ला. स्वतः रोथ आग्र्याला परत आला आणि २० जून १६६८ ला तिथेच वारला. आपली अक्षरं युरोपला दाखवणाऱ्यांपैकी हा एक पहिला माणूस आणि आपण त्याचं नावही शाळेत ऐकलेलं नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणखी एक, टिफेनथालर, हाही जेझुइट. १७७३ ला पोपनेच जेझुइट संघ बरखास्त केला, पैसे बंद, माणसं बंद, तरी हा म्हातारा मागे राहिला, गावोगाव फिरून अक्षांश मोजत राहिला, गंगेचे नकाशे काढत राहिला. १७८५ ला लखनौला मेला आणि त्यालाही आग्र्यालाच आणलं.

आता तुमचा खरा प्रश्न, यांचं कोण करतं. रक्ताचं कुणी उरलेलं नाही उघडच. पण त्या चॅपेलमध्ये लोक मेणबत्त्या लावतात, नवस बोलतात, आणि ते फक्त ख्रिस्ती नाहीत, आजूबाजूचे हिंदू, मुसलमानही असतात. पाद्री संतूस म्हणून ओळखतात त्या जागेला. तुम्ही गेलात तर तुमच्याकडून एक मेणबत्ती तिथे लावाच, वसईत लावता तशी, आणि जमलं तर नावं वाचून लावा.

प्रश्न (नागपूर): मुलांना घेऊन जायचंय, एक आठवीत, एक पाचवीत. कंटाळतील का? काय क्रमाने बघावं?

उत्तर: सकाळी लवकर जा, ऊन चढल्यावर लाल दगड तापतो आणि लेखही नीट वाचता येत नाहीत, तिरपा उजेड असला की अक्षरं उठून दिसतात. आधी हेसिंग, कारण तो मोठा आहे आणि मुलांना लगेच ताज आठवतो. वर दिसतं ते प्रतीकात्मक थडगं, खरी कबर खाली तळघरात, ताजमध्येही तसंच आहे, हे मुलांना आधी सांगून ठेवा. मग समरू, मग चॅपेल, आणि मिल्डनहॉल शोधायला शेवटी ठेवा, तो पटकन सापडत नाही आणि शोधण्यात मुलं रमतात. आठवीतल्या मुलाला हेसिंगचा मजकूर मोठ्याने वाचायला लावा, इंग्रजी जुनं आहे पण जमेल, आणि पाचवीतल्याला कवटी, हाडं, क्रूस, फुलं अशी चिन्हं वहीत काढायला सांगा. एकच विनंती, अक्षरं दिसत नाहीत म्हणून दगडावर खडू घासू नका आणि पाणी ओतू नका, वालुकाश्म मऊ असतो, पापुद्रे निघतात आणि एक पापुद्रा गेला की एक ओळ गेली. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या, पायात बूट घाला, गवतात दगड लपलेले असतात. तासाभरात सगळं होईल, दीड तास ठेवलात तर घाई होणार नाही.